रिपोर्ट नॉर्मल, तरी अंग दुखतं : फायब्रोमायल्जियाबद्दल एका ताईंना उत्तर

प्रश्न असा आला आहे. वय ४१, चोपडा तालुक्यातलं गाव, घरची थोडी शेती, हंगामात कापूस वेचणी, दोन शाळकरी मुलं, सासू-सासरे सोबत. तीन वर्षांपासून ‘बठ्ठं आंग दुखस’, म्हणजे सगळं अंग दुखतं. मान, खांदे, पाठ, कंबर, मांड्या. आज इथे, उद्या तिथे. रात्री झोपूनही सकाळी अंग आंबलेलं. रक्ताच्या तपासण्या, एक्स-रे, एमआरआय सगळं नॉर्मल. शेवटी जळगावच्या एका डॉक्टरांनी फायब्रोमायल्जिया हे निदान कागदावर लिहून दिलं. घरचे म्हणतात, रिपोर्टमध्ये काही नाही म्हणजे आजारच नाही. ताई विचारतात : हा आजार खरा असतो का? पुढे हातपाय वाकडे होतील का? गोळ्या जन्मभर घ्यायच्या का? शेतातलं काम सोडू का?

ताई, पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आधी देऊन टाकते, कारण ती मिळेपर्यंत बाकीच्या गोष्टींकडे तुमचं लक्ष लागणार नाही. आजार खरा आहे. आणि या आजाराने सांधे झिजत नाहीत, बोटं वाकडी होत नाहीत, स्नायू वाळत नाहीत. शेजारच्या गावातल्या कुणाची बोटं आमवाताने वाकडी झालेली तुम्ही पाहिली असतील. तो आजार वेगळा, हा वेगळा.

तुमच्या सांध्यांत आणि स्नायूंत बिघाड शोधला गेला आणि सापडला नाही, कारण तो तिथे नाहीच. दुखण्याचा निरोप अंगातून निघतो, मज्जारज्जूत पोचतो आणि तिथून मेंदूकडे जातो. वाटेत तो निरोप कमी-जास्त करायची सोय शरीराने ठेवलेली असते. तुमच्यात ती सोय बिघडली आहे. कापूस मोजायचा काटा बिघडला की वीस किलोचं गाठोडं तीस किलो दाखवतो; गाठोडं खरं असतं, समोर दिसणारा आकडाही डोळ्यांना खराच दिसतो, फक्त तो वाढून आलेला असतो. तुमच्या मज्जासंस्थेचं तसं झालं आहे. दिवसभराचं काम, हंडा, वाकणं हे सगळं खरं आहे, आणि तुम्हाला जाणवणारी वेदनाही पूर्ण खरी आहे. ती इतरांपेक्षा जास्त मोजली जाते, एवढंच.

हे केवळ समजूत घालायला सांगत नाही. २००२ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी अंगठ्याच्या नखावर मोजून दाब दिला आणि त्या वेळी मेंदूचे एमआरआय काढले. ज्या दाबाला निरोगी माणसांना नुसतं दाबल्यासारखं वाटत होतं, त्याच दाबाला फायब्रोमायल्जिया असलेल्यांच्या मेंदूतले दुखणं जाणणारे भाग जागे झाले होते. मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यातही सबस्टन्स पी नावाचं, दुखण्याचा निरोप वाहून नेणारं रसायन या रुग्णांत वाढलेलं आढळलं. जखमेमुळे होणारं दुखणं आणि नस दबल्यामुळे होणारं दुखणं हे दोन प्रकार आपण जुन्या काळापासून ओळखतो. वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१७ मध्ये तिसरा प्रकार मान्य केला : जखम नाही, नसेला इजा नाही, तरी वेदना मोजणाऱ्या यंत्रणेतच झालेला बदल. तुमचा आजार या तिसऱ्या प्रकारात बसतो. जगभरात शंभरात साधारण दोन ते चार माणसांना तो असतो, त्यात बायका जास्त. पुरुषांनाही होतो. ते सांगत नाहीत आणि डॉक्टरही त्यांच्या बाबतीत हा विचार उशिरा करतात.

का झाला, याचं एकच कारण सांगता येत नाही. घराण्यात असतो, आई किंवा बहिणीला असेल तर शक्यता बरीच वाढते. त्यावर काहीतरी निमित्त होतं : अपघात, ऑपरेशन, बाळंतपणानंतरचे ओढाताणीचे महिने, घरातला मृत्यू, सततची काळजी. काही जणी सांगतात की चिकुनगुनिया झाला, ताप गेला, सांध्यांची सूज गेली, पण अंग काही पूर्ववत झालं नाही. तुमच्या बाबतीत काय घडलं ते मला माहीत नाही. तीन वर्षांपूर्वीचा काळ आठवून पाहा. कुणाला दोष द्यायला नव्हे. पुढचे उपाय ठरवताना त्याचा उपयोग होतो म्हणून.

आता निदानाबद्दल. तुम्हाला वाटतं की काहीच सापडलं नाही म्हणून डॉक्टरांनी हे नाव देऊन हात झटकले. तसं नाही. या निदानाला ठरलेले निकष आहेत. १९९० च्या निकषांत अंगावरच्या १८ ठरावीक जागा दाबून बघायच्या आणि त्यातल्या किमान ११ दुखायला हव्यात, असं होतं. अजूनही काही डॉक्टर तसे दाबून बघतात आणि आकडा भरला नाही की आजार नाही म्हणतात. २०१० पासून त्या जागा मोजणं बंधनकारक राहिलेलं नाही. २०१६ च्या सुधारित निकषांप्रमाणे शरीराचे १९ भाग विचारले जातात, त्यातले किती दुखतात ते बघितलं जातं. थकवा, झोपून उठल्यावर ताजं न वाटणं आणि विसराळूपणा यांना गुण दिले जातात. दुखणं शरीराच्या डाव्या-उजव्या आणि वरच्या-खालच्या भागांत पसरलेलं आणि तीन महिन्यांपेक्षा जुनं असावं लागतं. दुसरा आजार सोबत असला तरी हा असू शकतो, हेही त्यात स्पष्ट म्हटलं आहे. म्हणून थायरॉइड किंवा आमवात असलेल्या बाईचं दुखणं त्या आजाराची औषधं नीट चालू असूनही थांबत नसेल, तर हाही विचार करावा लागतो.

तपासण्या एकदा नीट व्हायला हव्यात आणि मग थांबायला हव्यात. हिमोग्लोबिन, अंगातली सूज दाखवणाऱ्या ईएसआर आणि सीआरपी, थायरॉइडची टीएसएच, साखर, ब१२, ड जीवनसत्त्व, स्नायूंची सीपीके, किडनी आणि लिव्हर. एवढ्यातून याची नक्कल करणारे बहुतेक आजार बाजूला काढता येतात. आपल्याकडे थायरॉइड कमी असणं, रक्त कमी असणं आणि ड जीवनसत्त्व फार खाली असणं या तिन्ही गोष्टींनी अंग दुखतं आणि तिन्ही दुरुस्त होतात. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी चालू असेल तर तेही सांगा, तिनेही स्नायू दुखतात. सूज नसताना आरए फॅक्टर ही आमवाताची तपासणी पुन्हा पुन्हा करण्यात अर्थ नाही. धडधाकट माणसांतही तो कधीकधी पॉझिटिव्ह येतो आणि मग सगळं घर उगाच घाबरतं. युरिक अॅसिड जरा वाढलेलं दिसलं म्हणून वर्षभर त्याच्या गोळ्या घेणाऱ्या बायका मी बघते. सगळ्या अंगाच्या दुखण्याशी त्या आकड्याचा संबंध नसतो.

मात्र ही लक्षणं दिसली तर फायब्रोमायल्जियाच्या नावावर ढकलून बसू नका : सांध्यावर डोळ्यांना दिसणारी सूज, बारीक ताप, काही न करता वजन घटणं, हातापायातली ताकद खरोखर कमी होणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं अंगदुखीचं दुखणं. यांतलं काही असेल तर डॉक्टरांना पुन्हा दाखवायचं.

तुम्ही फक्त दुखण्याबद्दल लिहिलंत. मला वाटतं अजून काही गोष्टी होत असतील, त्या तुम्ही आजारात धरल्या नसतील. भाजीत मीठ घातलं की नाही ते आठवत नाही. बोलता बोलता शब्द सापडत नाही. लग्नातल्या डीजेचा आवाज छातीत बसतो, फोडणीचा वास सहन होत नाही, बांगड्या आणि घट्ट ब्लाऊजची शिवण टोचते. पोट कधी बिघडतं, कधी गच्च होतं. डोकं दुखतं, रात्री पाय तळमळतात, लघवीला सारखं जावं लागतं. पाळीच्या आधी सगळं वाढतं. नवरा-बायकोतली जवळीकही दुखते, आणि ती न सांगता आल्याने घरात गैरसमज वाढतात. हे वेगवेगळे आठ आजार नाहीत. एकाच बिघाडाची ही वेगवेगळी रूपं आहेत. त्यासाठी आठ डॉक्टर करू नका.

एक गोष्ट मी आपल्याकडच्या बायकांकडून फार ऐकते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेली की हिचं काही दुखत नाही, झोके घेते, गौराईची गाणी म्हणते, आणि परत आली की कण्हायला लागते. म्हणजे नाटक आहे. असं बोलणाऱ्यांना मी विचारते, माहेरी ती किती वाजता उठते? पाण्याचे हंडे कोण भरतं? रात्री तिला किती वेळा उठवलं जातं? माहेरी बरं वाटणं हा तिच्या आजाराचा पुरावाच आहे. झोप पुरली, ओझं कमी झालं, जीव निवांत झाला की मज्जासंस्था शांत होते आणि वेदना खरोखर उतरते. औषधाच्या दुकानात न मिळणारा उपचार तिला चार दिवस मिळालेला असतो. त्यातला काही भाग सासरी कसा आणता येईल, हा घरच्यांनी विचारायचा प्रश्न आहे.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. हे वाचून बाकी काही करता आलं नाही तरी चालेल, पण एवढं करा. या आजारात सर्वांत जास्त नुकसान वाईट दिवस करत नाही, चांगला दिवस करतो.

वाईट दिवशी तुम्ही कमी काम करता, कारण होतच नाही. मग मनाला लागतं. दोन-चार दिवसांनी अंग जरा हलकं वाटतं, आणि तुम्ही राहिलेलं सगळं एका दिवसात उरकायला घेता. चादरी धुता, कोठी आवरता, गहू निवडता, दुपारी शेतात जाता. सासूबाईही म्हणतात, बघा, आज कशी करते. दुसऱ्या दिवशी उठवत नाही, आणि ते दुखणं चार-पाच दिवस टिकतं. चांगला दिवस आला की पुन्हा तेच. वर-खाली होण्याचं हे चक्र वर्षभर चाललं की चांगले दिवस विरळ होत जातात, आणि बाईला वाटतं की आजार वाढतोय.

उपाय ऐकायला सोपा आहे, पाळायला कठीण. काम दुखण्यावर थांबवायचं नाही, घड्याळावर थांबवायचं. भाकरी थापताना खांदे साधारण वीस मिनिटांनी भरून येतात असं तुमच्या लक्षात आलं, तर पंधराव्या मिनिटाला उठायचं, पाठ सरळ करायची, पाणी प्यायचं, दुसरं हलकं काम करायचं, मग परत बसायचं. वाईट दिवशीही अगदी शून्य करायचं नाही, थोडं करायचंच. चांगल्या दिवशीही ठरलेल्या मापाच्या पुढे जायचं नाही. पहिले काही आठवडे राग येईल, कारण अंगात ताकद वाटत असताना थांबणं आपल्या संस्कारात बसत नाही. तरीही थांबा. पुढे माप हळूहळू वाढवता येतं.

उन्हाळी वाळवणाचं उदाहरण घ्या. कुरडयांचा चीक हाटणं, म्हणजे शिजताना ढवळत राहणं, हे खांद्यांसाठी वर्षातलं सगळ्यांत जड काम. तो एकाच दिवशी, एकाच बाईने, पहाटे उठून करायचा अशी आपली पद्धत. या वर्षी चीक दुसऱ्या कुणी हाटावा, तुम्ही सोऱ्या धरा किंवा पसरवायला बसा, आणि पापड व बिबडे वेगळ्या आठवड्यात ठेवा. गावात बायका एकमेकींच्या घरी वाळवणाला जातात, ही आपल्याकडची मोठी सोय आहे. अशा वेळी कामांची अदलाबदल सहज होते. कानबाईच्या रोटांच्या वेळीही तसंच. सणाच्या आधीचे दोन आणि नंतरचे दोन दिवस मोकळे ठेवा, म्हणजे सण अंगावर येणार नाही.

शेताबद्दल तुम्ही विचारलंत. काम सोडू नका, बदला. पूर्ण बसून राहिलेल्या बायकांचं दुखणं कमी होत नाही, उलट अंग आखडतं, झोप अजून बिघडते आणि हातात स्वतःचे पैसे राहत नाहीत. वेचणीत दुखण्याची जागा कुठे आहे ते बघा. वेचलेला कापूस ठेवायची पुढे बांधलेली ओटी भरत जाते तसं तिचं वजन कमरेला आणि मानेला पुढे ओढतं. किलोवर मजुरी असली की ओटी गच्च होईपर्यंत कुणी रिकामी करत नाही. तुमचं घरचं शेत आहे, तुम्ही ती अर्धी भरल्यावरच रिकामी करा. तेवढ्यासाठी बांधापर्यंत चालत जाणं हीच तुमची विश्रांती. सकाळी थंडीत अंग आखडलेलं असतं, तेव्हा लगेच वाकू नका. आधी दहा मिनिटं चाला. पहिल्या हंगामात पूर्ण दिवसाऐवजी अर्धा दिवस जा. केळीचे घड उचलणं, खताची गोणी, डोक्यावरचं ओझं ही कामं मात्र दुसऱ्यांकडे द्या.

व्यायामाचं नाव काढलं की मला एकच उत्तर मिळतं : दिवसभर राबतो, अजून व्यायाम कशाला? प्रश्न रास्त आहे. शेतातलं काम गरजेप्रमाणे होतं. वजन, वेळ, वेग काहीच तुमच्या हातात नसतं आणि तेच तेच स्नायू वापरले जातात. व्यायामात माप तुमच्या हातात असतं, आणि शरीराला हालचाल धोक्याची नाही हे पुन्हा शिकवायचं असतं. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये या आजाराच्या सगळ्या उपायांचे पुरावे तपासले, तेव्हा ज्याची ठाम शिफारस केली तो एकच उपाय होता : व्यायाम. गोळी नव्हे. सुरुवात पाच ते दहा मिनिटं सपाट रस्त्यावर चालण्यापासून करा, दिवसाआड. दुसऱ्या दिवशी दुखणं थोडं वाढलं तर घाबरू नका. दोन दिवसांहून जास्त टिकलं तर माप जास्त झालं असं समजा आणि कमी करा. दर आठवड्याला एक-दोन मिनिटं वाढवत वीस-तीस मिनिटांपर्यंत या. सोबत हलकी योगासनं, खांदे-मानेचे ताण, पुढे हलक्या वजनाचे व्यायाम. फरक कळायला दीड-दोन महिने लागतात, आणि बहुतेक जणी तिसऱ्या आठवड्यात सोडून देतात. मैत्रिणीला बरोबर घ्या, तुमचं चालणं टिकेल.

झोपेकडे दुर्लक्ष केलंत तर बाकी सगळं वाया जातं. १९७५ साली कॅनडात निरोगी तरुणांना झोपू दिलं, पण गाढ झोप लागली की तिच्यात आवाजाने व्यत्यय आणला. काही रात्रींतच त्यांचं अंग दुखायला लागलं आणि दाबल्यावर ठणकायला लागलं. दुखण्याने झोप मोडते आणि मोडलेल्या झोपेने दुखणं वाढतं, हे दोन्ही बाजूंनी चालतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, रात्री वीज जाते, पत्र्याचं घर पहाटेपर्यंत तापलेलं असतं. त्या दिवसांत बऱ्याच रुग्णांचं दुखणं वाढतं. औषध कमी पडलं म्हणून नव्हे, झोप झाली नाही म्हणून. गच्चीवर, अंगणात, जिथे वारा लागेल तिथे मच्छरदाणी लावून झोपा. कूलरची थेट हवा मानेवर घेऊ नका. चहा दुपारी चारनंतर बंद. उठण्याची वेळ रोज एकच ठेवा, रात्र कितीही वाईट गेली तरी. नवऱ्याला विचारा, तुम्ही घोरता का, झोपेत श्वास अडकतो का. हो म्हणाले तर डॉक्टरांना सांगा, त्याचा उपचार वेगळा आहे.

गोळ्यांचं बोलू. जन्मभर घ्याव्याच लागतील असं नाही. रात्रीची अॅमिट्रिप्टिलीन १० मिलिग्रॅमपासून सुरू करतात, झोपायच्या एक-दोन तास आधी. तोंड कोरडं पडतं, सकाळी थोडी गुंगी राहते, शौचाला घट्ट होतं. काचबिंदू किंवा हृदयाच्या ठोक्यांचा त्रास असेल तर आधी सांगायचं. दुसरं औषध ड्युलोक्झेटिन. पहिले काही दिवस मळमळतं. तिसरं प्रीगॅबालिन, त्याने गरगरतं, पाय सुजतात, वजन वाढू शकतं. यातली पहिली दोन मनाच्या आजारातही वापरतात, म्हणून पाकिटावरचं किंवा मोबाईलवरचं वाचून ‘मला वेडी ठरवलं’ असं समजू नका. मज्जारज्जूत दुखण्याचा निरोप कमी करण्याचं काम तीच रसायनं करतात ज्यांच्यावर ही औषधं मनाच्या आजारातही काम करतात, म्हणून औषध तेच लागतं. या गोळ्यांनी सगळ्यांना गुण येत नाही. ज्यांना येतो त्यांचंही दुखणं साधारण एक तृतीयांश ते निम्म्याने उतरतं, पूर्ण जात नाही. उतरलेल्या त्या दुखण्यात चालणं आणि झोप बसवायची, आणि सहा महिने ते वर्षभर नीट गेलं की डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी हळूहळू कमी करायची. एकदम बंद करू नका.

डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक अशा रोजच्या पेनकिलरने हा आजार हलत नाही, कारण सूजच नाही. ऊन, घाम, कमी पाणी आणि त्यावर रोज पेनकिलर. शेतात राबणाऱ्या माणसाच्या किडनीसाठी हे फार वाईट आहे. बिननावाच्या पुड्या आणि ‘ताकदीच्या’ सलाईनबद्दल मी कळवळून सांगते. ज्या पुडीने दोन दिवसांत अंग फुलासारखं हलकं होतं, तिच्यात बहुतेक वेळा स्टेरॉइड असतं. चेहरा सुजतो, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात आणि पुडी बंद केली की माणूस कोसळतो. अशी पुडी अनेक महिने घेत असाल तर घरच्या घरी थांबवू नका, आधी फिजिशियनला दाखवा. सलाईनमध्ये मीठ, साखर आणि पाणी असतं. जे पैसे तिथे जातात त्यात फिजिओथेरपी होते.

खाण्यात मोठं पथ्य नाही. वांगं वातूळ म्हणून भरीत सोडलेल्या, उडीद नको म्हणून कळण्याची भाकरी सोडलेल्या बायका येतात. या दुखण्यासाठी ते सोडायचं कारण नाही. डाळी, ज्वारी, दूध, हिरव्या भाज्या खा. वजन जास्त असेल तर ते उतरवा.

मनाबद्दल. दुखणं मनाने तयार केलेलं नाही. पण तीन वर्षं दुखणं आणि त्यावर घरचा अविश्वास सोसून मन खचतं, आणि खचलेल्या मनाला वेदना जास्त कळते. रडू येत राहिलं, कशात जीव रमेना, जगणं नको वाटायला लागलं, तर तो कमकुवतपणा समजू नका, त्याच दिवशी कुणाशी तरी बोला. टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या नंबरवर चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. विचारांचं ओझं हाताळायला शिकवणाऱ्या समुपदेशनाने या आजारात वेदनेवरही फरक पडतो.

पुढचा भाग तुमच्या यजमानांना आणि सासूबाईंना वाचून दाखवा.

भाऊ, आत्या, हिचं दुखणं तुम्हाला दिसत नाही आणि रिपोर्टमध्येही दिसत नाही, म्हणून विश्वास ठेवणं अवघड जातं, हे मला कळतं. पण दर वेळी तिला दुखणं सिद्ध करावं लागलं, तर तिचं सगळं लक्ष दुखण्यावरच राहतं आणि ते वाढतं. ‘आज किती दुखतंय’ असं सारखं विचारूही नका. तिने ठरवलेल्या वेळी ती उठली की उठू द्या, चांगल्या दिवशी जास्त कामाला लावू नका, आणि एक-दोन जड कामं कायमची दुसऱ्याकडे द्या. पाणी भरणं हे भाऊंनी घ्यावं असं माझं मत आहे. आत्या, तुमच्या तरुणपणीही अंग दुखत असेल आणि कुणी विचारलं नसेल. त्या काळी गावात याचं नाव, औषध कुणाला ठाऊक नव्हतं. आता दोन्ही आहे.

ताई, जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या मेडिसिन विभागात जा आणि फिजिओथेरपीचं विचारा. एकच डॉक्टर धरा आणि किमान तीन महिने बदलू नका. जायच्या आधी दोन आठवडे मुलाच्या जुन्या वहीत रोज चारच गोष्टी लिहा : किती वाजता झोपलात आणि उठलात, कोणतं जड काम केलं, किती चाललात, आणि संध्याकाळी दुखणं दहापैकी किती. ती वही आणि आतापर्यंत घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, पुडी घेत असाल तर तीसुद्धा, पिशवीत घालून सोबत न्या.